ऑइलमध्ये कूलंट मिसळतंय (जुना ट्रक): हेड उतरवायच्या आधी काय काय तपासावं?

तुर्भे_डेपो
गाडी सेकंडहँड, १६ टनी, बीएस-३, सहा सिलिंडर, टर्बो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चौथ्या प्रतिसादापासून 'ही घ्यायलाच नको होती' सुरू होतं. लाइन तळोजा एमआयडीसी ते उरण, मधूनमधून बोरघाट चढून पुणे.

आत्ताची स्थिती: ऑइलच्या दांडीवर पातळी वरच्या खुणेच्या सव्वा सेंटिमीटर वर, रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा. रेडिएटरच्या वरच्या टाकीत तपकिरी साय. ६०० किलोमीटरमध्ये ३ लिटर कूलंट वर घालावं लागलं, बाहेर कुठे थेंब नाही. धूर नेहमीसारखा, पिकअप ठीक, तापमानाचा काटा घाटातसुद्धा मध्यावर. दोन मिस्त्रींचं मत हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं पॅकिंग), तिसऱ्याचं 'इंजिन खोला, मग बघू'. न खोलता काय तपासता येईल आणि कोणत्या क्रमाने, ते सांगा. गाडी उभी आहे.

घोडबंदरकर
हेड गॅस्केट. दुसरं काय असणार? घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये किंवा गायमुखच्या चढावर एकदा तापली असेल, हेड वाकलं असेल. हेड उतरवा, फेस मारून (मशीनवर सपाट करून) घ्या, नवीन गॅस्केट टाका, विषय संपला.

नोझल_पाना
घोडबंदरकर, थांबा जरा. काटा कधी वर गेलेला नाही, धूर नाही, पिकअप पडलेलं नाही. ज्या गॅस्केटमधून ज्वलनाचा दाब पाण्यात शिरतो ते गॅस्केट इतकं शांत बसत नाही.

तुर्भेवाले, उभी ठेवलीत ते बरं केलंत. आता सेल्फसुद्धा मारू नका. एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर पिस्टन त्यावर आपटून कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी फिरवायचंच झालं तर आधी सगळे नोझल (डिझेलचे इंजेक्टर) काढा आणि फ्लायव्हीलला बार लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्या.

आता घाण कुठून कुठे जाते ते बघा. गरम इंजिन चालू असताना ऑइलचा दाब ३ ते ५ बार असतो. कूलंटचा दाब रेडिएटरच्या टोपीवर लिहिलेला असतो तेवढाच, म्हणजे १ बारच्या आसपास. मध्ये भोक पडलं तर चालत्या गाडीत ऑइल पाण्यात घुसणार. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब काही सेकंदांत शून्यावर येतो, पण गरम रेडिएटरमधला दाब बराच वेळ टिकतो. मग उलटा प्रवास सुरू, पाणी ऑइलमध्ये. तुमच्याकडे दोन्हीकडे घाण आहे. म्हणजे भोक अशा जागी आहे जिथे दाबाखालचं ऑइल आणि कूलंट एका पातळ भिंतीच्या अल्याड-पल्याड आहेत. अशी पहिली जागा ऑइल कूलर, म्हणजे कूलंटने ऑइल थंड करणारा भाग. दुसरी, हेड गॅस्केटमध्ये हेडकडे ऑइल नेणाऱ्या भोकाची कड. तिसरी म्हणजे ब्लॉकला किंवा हेडला आतून गेलेली तडा, पण ती क्वचित.

लायनरच्या (ब्लॉकमध्ये बसवलेल्या सिलिंडरच्या नळीच्या) खालच्या ओ-रिंगा गेल्या तर पाणी चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) पडतं, पण ऑइल पाण्यात चढत नाही, कारण लायनरच्या खालच्या टोकाशी दाबाचं ऑइलच नसतं. मग रेडिएटर स्वच्छ आणि फक्त दांडी पांढरी दिसते. तुमच्या रेडिएटरमधली साय बघूनच मी ओ-रिंगांना यादीत खाली टाकतोय.

तरी एक सांगा: पार्ट्स कॅटलॉगमध्ये तुमच्या इंजिनला लायनर आहे की बोअर (पिस्टनची पोकळी) थेट ब्लॉकमध्येच आहे? आणि पाण्याचा पंप बेल्टवर की टायमिंग गिअरवर?

तुर्भे_डेपो
कॅटलॉग बघितला. लायनर नाही, बोअर ब्लॉकमध्येच. पंप बेल्टवर. एअर कॉम्प्रेसर गिअरवर, त्याच्या हेडला कूलंटचे दोन पाइप जातात.

नोझल_पाना
मग ओ-रिंगा आणि लायनरला आरपार पडणारी बारीक भोकं दोन्ही बाद. पंपही बाद. गिअरवरच्या पंपात एका सीलमागे ऑइल आणि दुसऱ्यामागे पाणी असतं, मधलं निचऱ्याचं भोक चिखलाने बुजलं तर तिथेही मिसळू शकतं. बेल्टवरचा पंप गळला तर पाणी रस्त्यावर पडतं.

शीळफाटा
कॉम्प्रेसर विसरू नका. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर हा बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही आणि त्याच्यापायी हेड उतरलेल्या गाड्या मुंब्रा बायपासच्या अलीकडे-पलीकडे हव्या तेवढ्या मिळतील. त्याला ऑइल इंजिनमधून येतं, परत चेंबरमध्ये जातं, हेडला इंजिनचंच कूलंट. कॉम्प्रेसरच्या हेडचं गॅस्केट गेलं की पाणी त्याच्या सिलिंडरमध्ये, तिथून रिंगांवरून खाली चेंबरमध्ये. शिवाय दाबाची हवा रेडिएटरमध्ये जाते आणि बुडबुडे येतात. लोक बुडबुडे बघतात आणि इंजिनचं हेड गॅस्केट म्हणतात.

ओळखायची सोपी रीत: हवेच्या टाक्यांचे खालचे कॉक उघडा. थोडं पाणी आणि ऑइलचा अंश नेहमीच निघतो, त्याला घाबरू नका. पण निघालेलं पाणी हिरवं किंवा गुलाबी असेल आणि बोटांना बुळबुळीत लागलं तर कॉम्प्रेसर दोषी. दुसरी रीत चालू इंजिनाची, तुमच्याकडे सध्या नको: रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असताना कॉम्प्रेसरकडून टाकीकडे जाणारा पाइप सोडायचा, म्हणजे कॉम्प्रेसरला दाब धरता येत नाही. बुडबुडे थांबले तर चूक तिथली. चालूच राहिले तर इंजिनाच्या हेडकडे वळा.

घोडबंदरकर
बरं, गॅस्केटचा आग्रह सोडतो. पण ते तपासायचं कसं, तेही लिहा ना. सगळ्यांच्या गाड्या अशा शांत नसतात.

नोझल_पाना
ते इंजिन चालू करून तपासायचं, त्यामुळे तुर्भेवाल्यांनी फक्त वाचा.

सकाळी इंजिन पूर्ण थंड, टोपी काढलेली, रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला. चालू करा. पहिल्याच मिनिटात, पाणी गरम व्हायच्या कितीतरी आधी, बुडबुडे सतत यायला लागले किंवा पाणी उसळून बाहेर आलं तर वायू शिरतोय. टोपी लावून बघायचं असेल तर वरची नळी हाताने दाबा. थंड इंजिनात दोन मिनिटांत ती दगडासारखी झाली तर तेच. खात्रीसाठी गळती तपासायचं निळं रसायन मिळतं. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून वरची हवा त्यातून ओढायची, ज्वलनाचा वायू असेल तर रंग बदलतो, पेट्रोलवर पिवळा, डिझेलवर हिरवट. पाण्याची पातळी आधी दोन-तीन इंच खाली घ्या. रसायनात पाणी ओढलं गेलं तर ते वाया जातं.

आणि हेड उतरलंच तर फक्त फेस मारून आणू नका. आधी पट्टी आणि फीलर गेजने वाक मोजा. मग मशीन शॉपमध्ये दाबाखाली, गरम पाण्यात तपासून घ्या. दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पुलावरची तडा थंड हेडमध्ये मिटलेली असते. थंड तपासणीत ते हेड पास होतं आणि महिन्याने परत येतं.

काळी_चकती
ऑइलबद्दल थोडं. पांढरं ऑइल म्हणजे पाणी, एवढंच कळतं. ते पाणी कूलंट आहे की नुसतं पाणी, हे वेगळं बघावं लागतं.

घरच्या घरी: स्टीलच्या जाड पत्र्यावर किंवा हॉट प्लेटवर साधारण १६० अंशांवर ऑइलचा एक थेंब टाका. चटचट आवाज करत उडाला तर पाणी आहे. चष्मा घाला, हाताचं अंतर ठेवा. दुसरं, गाळण कागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. चांगलं वापरलेलं ऑइल फिकट होत होत पसरतं. ग्लायकोल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असेल तर मधोमध काळा, चिकट गोळा राहतो, त्याची कड धारदार दिसते आणि बाहेर जवळजवळ स्वच्छ तेल.

प्रयोगशाळेत पाठवलंत तर रिपोर्टमध्ये सोडियम आणि पोटॅशियम एकत्र वाढलेले बघा. कूलंटमधल्या गंजरोधकांमधून ते येतात. पाणी उडून गेलं तरी ही दोन्ही मागे राहतात. मालकाने आदल्या दिवशी ऑइल बदलून दिलं तरी फिल्टर, गॅलरी (ब्लॉकमधली ऑइलची वाट), कूलर यांत जुनं उरतंच आणि आकडा बोलतो.

मात्र आधीच्या मालकाने कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी वापरलं असेल तर ग्लायकोल सापडणारच नाही. मग 'ग्लायकोल नाही' याचा अर्थ 'गळती नाही' असा होत नाही.

तुर्भे_डेपो
हवेच्या तिन्ही टाक्यांतून साधं पाणी आणि काळसर थेंब, हिरवं काही नाही. कागदावर चकती काळी, कड धारदार. म्हणजे कूलंट नक्की आणि कॉम्प्रेसर बहुधा नाही. आता इंजिन चालू न करता पुढे काय?

नोझल_पाना
आता चेंबर. गाडी रात्रभर उभी होतीच, ते कामी येईल. कूलंटची घनता १.०७ च्या आसपास, ऑइलची ०.८७ च्या आसपास. जे मिसळलं नाही ते पाणी तळाशी बसलंय. ड्रेन प्लग पूर्ण काढू नका. दोन-अडीच आटे सोडा आणि काचेच्या बाटलीत पहिली धार घ्या. आधी हिरवं पाणी, मग चहा, मग ऑइल असं येईल. पाणी किती निघालं ते मोजून लिहून ठेवा. नंतर सगळं ऑइल उतरवा, फिल्टर काढून बाजूला ठेवा, फेकू नका.

मग दाब तपासणी. रेडिएटर स्वच्छ पाण्याने गळ्यापर्यंत भरा, हवा राहू देऊ नका. हातपंपाचा प्रेशर टेस्टर टोपीच्या जागी. टोपीवर लिहिलाय तेवढाच दाब, १ बार असेल तर १ बार. 'थोडा जास्त मारून बघू' नको, जुना रेडिएटर तिथेच फाटतो. २० मिनिटं काटा बघा. मग चेंबर खाली उतरवा, दाब परत भरा, आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. खाली स्वच्छ पुठ्ठा पसरा.

थेंब कुठून पडतो त्यावर सगळं आहे. पिस्टनच्या कडेने, बोअरच्या भिंतीवरून ओघळ आला तर पाणी वरून सिलिंडरमध्ये उतरतंय: गॅस्केट, हेडची तडा किंवा नोझलची स्लीव्ह. पुशरॉड उतरतात त्या बाजूने, कॅमवरून धार आली तर हेडच्या वरून किंवा ब्लॉकच्या वरच्या कडेकडून. आणि मेन बेरिंगांच्या (ज्यांत क्रँकशाफ्ट फिरतो त्यांच्या) कडेने, दोन-तीन बेरिंगांवरून थेंब आले तर पाणी मेन गॅलरीत शिरलंय. मेन गॅलरीत पाणी घालणारा पहिला संशयित ऑइल कूलर. लायनरवाल्या इंजिनात लायनरच्या बाहेरच्या तळातून थेंब आले तर ओ-रिंग, हे इतरांसाठी.

गळती गरम असतानाच उघडत असेल तर थंड इंजिनावर काटा हलणार नाही. तेव्हा गार पाण्याऐवजी ७०-८० अंशांचं पाणी भरून परत करा. हात सांभाळा.

वाशी_सेक्टर_सतरा
मध्येच विचारतो. माझ्या टेम्पोच्या ऑइल टोपीच्या आत पांढरं लोण्यासारखं लागलंय. दांडी स्वच्छ आहे. हेच का?

काळी_चकती
नाही, बहुतेक. पावसाळ्यात, थांबत-थांबत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत वाफ टोपीशी थंड होऊन तिथेच साचते. टोपी पुसा, गाडी एकदा ४०-५० किलोमीटर सलग चालवा, मग बघा. परत लागलं आणि रेडिएटरची पातळीही उतरत असेल तर वरचं सगळं तुम्हालाही लागू.

आणि जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांसाठी: पावसात पाण्यात उभी राहिलेली गाडीही ऑइल पांढरं दाखवते. तिथे रेडिएटरची पातळी बरोबर असते, पण एअर फिल्टरच्या डब्यात चिखलाची रेघ असते, डायनॅमोत माती असते. वेगळा आजार आहे, उपचारही वेगळे.

शीळफाटा
रेडिएटरमध्ये हळद टाकलीय का तेही बघा. बारीक गळतीवर ड्रायव्हर लोकांचा हमखास उपाय. टाकीच्या तळाशी पिवळट गाळ दिसला तर आधीच्या मालकाला गळती माहीत होती. ती हळद आणि बाजारातली लीक बंद करायची पावडर दोन्ही कूलरच्या बारीक वाटा बुजवतात. ऑइलची गळती त्याने थांबत नाही.

तुर्भे_डेपो
आकडे: ड्रेनमधून आधी ७०० मिली हिरवं पाणी, मग चहा. दाब १ बार भरला, २० मिनिटांत ०.६ वर आला, बाहेर कुठेही ओलं नाही. चेंबर उतरवल्यावर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मेन बेरिंगकडून थेंब, तिसऱ्याकडून सगळ्यात जास्त. सहाही बोअर कोरडे. कूलर काढतोय.

नोझल_पाना
उत्तम. तुमचा कूलर ब्लॉकच्या बाजूला, कव्हरखाली, कूलंटच्या पोकळीत बुडालेला असणार, त्यामुळे आधी ब्लॉकचं पाणी सोडा. कोअर (कूलरचा आतला पत्र्यांचा गाभा) काढला की डोळ्याने भोक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. ऑइलची एक वाट बुचाने बंद करा, दुसरीला हवेची नळी, मध्ये रेग्युलेटर. ४ बार. बुच नीट कसा आणि तोंड समोर धरू नका. ७०-८० अंशांच्या पाण्यात बुडवा, ५ मिनिटं थांबा. पत्र्यांच्या जोडावरून किंवा कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ निघेल. माळ निघाली नाही तर कोअर ठीक, आणि मग घोडबंदरकरांचं गॅस्केट. ऑइलच्या भोकाकडून गळणाऱ्या गॅस्केटचा पुरावा हेड उतरवल्यावर त्या भोकाच्या कडेवरच दिसतो.

तुर्भे_डेपो
माळ निघाली. खालच्या कोपऱ्यात, ब्रेझिंगच्या जोडावर, दोन ठिकाणी. पाण्याच्या बाजूला तांबूस गंज आणि पांढरे थर. एकजण म्हणतोय ब्रेझिंग करून देतो, नव्याच्या चौथ्या हिश्श्यात.

नोझल_पाना
करू नका. एक जोड उकललाय म्हणजे शेजारचे जोडही त्याच पाण्यात गंजलेत, आणि ब्रेझिंगच्या उष्णतेने ते आणखी ढिले होतात. शिवाय आत साचलेला गाळ पुरता कधीच निघत नाही.

नवा कोअर घेताना दोन्ही गॅस्केट नवीन घ्या. काही कोअरच्या तोंडांना वाहतुकीसाठी प्लास्टिकची बुचं असतात, ती बसवण्याआधी काढा. हसू नका, ती राहिली तर गॅलरीत ऑइल पोचत नाही. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, मॅन्युअलच्या आकड्यावर टॉर्क पान्याने. सिलिकॉन थापू नका, जास्तीचा तुकडा सुटून आत जातो.

पण अजून इंजिन बंद करू नका, म्हणजे चेंबर लावू नका. ग्लायकोल बेरिंगला वाईट. फिल्टर कापा, पण करवतीने नाही, नाहीतर तिचाच कीस आत पडतो; पाइप कटरने. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा. काळा चिकटा अपेक्षितच आहे. तांब्याची चमक दिसली तर बेरिंगचा वरचा थर गेलाय. मग सगळ्यात जास्त पाणी आलेलं मेन बेरिंग, तुमचं तिसरं, आणि एक बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेरिंग) उघडा. शेल (बेरिंगची अर्धगोल पट्टी) कुठचं ते कुठे याच्या खुणा करा, अदलाबदल होऊ देऊ नका. राखाडी, एकसारखं शेल चालेल. काळे डाग, खवले किंवा तांबडा पट्टा दिसला तर सगळा सेट बदला. टर्बोचा शाफ्टही हाताने हलवून बघा, त्याच्या बेरिंगला हे ऑइल सगळ्यात आधी भोवतं.

तुर्भे_डेपो
फिल्टरमध्ये चिकटा, चमक नाही. तिसरं मेन आणि पाचवं बिग एंड दोन्ही राखाडी. टर्बो ठीक. आता धुणं कसं?

शीळफाटा
ऑइलची बाजू: चेंबर आणि ऑइल पंपाची जाळी बाहेरच धुवा, जाळीत त्या चहाचा लगदा अडकतो. डिझेल भरून इंजिन चालवून धुऊ नका, जुनी सवय आहे पण बेरिंगला तेलाचा थर मिळत नाही. गाडीला लागणाऱ्याच ग्रेडचं स्वस्त ऑइल आणि नवा फिल्टर घाला. डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा, एका वेळी जास्तीत जास्त ३० सेकंद, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, ऑइलच्या काट्यावर दाब दिसेपर्यंत. मग चालू करून १० ते १५ मिनिटं आयडलवर, लोड नाही. गरम असतानाच उतरवा. अजून पांढरट असेल तर परत एकदा.

पाण्याची बाजू त्रास देते. थर्मोस्टॅट काढून ठेवा. कमी फेस होणारा डिटर्जंट घालून इंजिन ८० अंशांपर्यंत नेऊन २० मिनिटं चालवा, सोडा, नुसत्या पाण्याने परत. वर तेलाचा तवंग येईनासा होईपर्यंत हेच, तीन-चार वेळा लागतं. भांड्यांचा लिक्विड साबण नको, त्याचा फेस पंपात हवा धरतो. तेल लागलेल्या रबरी नळ्या फुगून मऊ होतात, बोटाने दाबून बघा, मऊ असेल ती बदला. टोपीही बदला. शेवटी थर्मोस्टॅट नवीन.

निघालेलं ऑइल गटारात नको. २०१६ च्या घातक कचरा नियमांत ते येतं, नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्या. कूलंट जमिनीवर साचू देऊ नका, गोडसर लागतं म्हणून डेपोतली कुत्री पितात आणि मरतात.

घोडबंदरकर
आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग एवढं महागाचं कूलंट कशाला, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. मीच विचारतो.

काळी_चकती
गोठण्यासाठी नाहीच ते. तुर्भेवाल्यांच्या कोअरवरचा तांबूस गंज आणि पांढरे थर हेच उत्तर आहे. कूलंटमधली गंजरोधकं संपली की ब्रेझिंगचे जोड आणि लायनरवाल्या इंजिनात लायनरची पाठ खाल्ली जाते. डीमिनरलाइज्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा. रस्त्यात पातळी कमी झाली म्हणून दरवेळी नळाचं पाणी घातलं की मिश्रण पातळ होत जातं, त्यापेक्षा पाच लिटरचा तयार कॅन केबिनमध्ये ठेवा.

नोझल_पाना
नवीन ऑइल-फिल्टर झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर लोड अर्धा ठेवा. दर १०० ला थंड इंजिनावर दांडी आणि रेडिएटर दोन्ही बघा आणि पातळी लिहा. ५०० ला ऑइल आणि फिल्टर परत बदला, तो फिल्टरही कापून बघा. कूलंट भरल्यावर पहिल्यांदा थर्मोस्टॅट उघडला की आतली हवा निघून पातळी थोडी उतरते, त्याला गळती समजू नका. इंजिन थंड झालं की वर भरा आणि तिथून मोजायला लागा.

तुर्भे_डेपो
कोअर, दोन गॅस्केट, थर्मोस्टॅट, टोपी, वरची नळी आली. उद्या सकाळी बसवतोय. पहिल्या १०० चा आकडा इथेच टाकतो.